कॉलेज फुटबॉलचे दिग्गज प्रशिक्षक एनएफएलमध्ये का अडखळतात?

अर्बन मायर यांनी अमेरिकेतील चार विद्यापीठांच्या फुटबॉल संघांना १७ हंगाम प्रशिक्षण दिले आणि त्या साऱ्या काळात त्यांच्या खात्यावर १८७ विजय आणि अवघे ३२ पराभव जमा झाले. फ्लोरिडाला त्यांनी २००६ आणि २००८ च्या हंगामांत, तर ओहायो स्टेटला २०१४ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २०२१ मध्ये ते जॅक्सनव्हिल जॅग्वार्स या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, पहिल्या १३ सामन्यांपैकी ११ हरले आणि हंगाम संपण्याआधीच, डिसेंबरच्या मध्यावर, त्यांची हकालपट्टी झाली. सतरा हंगामांत ज्यांनी ३२ सामने गमावले, ते जेमतेम तीन महिन्यांत ११ सामने कसे गमावतात? या एका प्रश्नाच्या उत्तरात कॉलेजचे फुटबॉल आणि व्यावसायिक फुटबॉल यांच्या रचनेतला सगळा फरक येऊन जातो, आणि तो फरक समजला की कोणता प्रशिक्षक वरच्या पातळीवर टिकेल याचा अंदाजही बऱ्यापैकी बांधता येतो.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, ही ३२ संघांची व्यावसायिक स्पर्धा आहे आणि २०२१ पासून तिच्या नियमित हंगामात प्रत्येक संघ १७ सामने खेळतो. त्याखालोखाल, किंबहुना लोकप्रियतेच्या बाबतीत अनेक राज्यांत त्याच्या बरोबरीने, विद्यापीठांचे फुटबॉल आहे. त्याच्या सर्वोच्च श्रेणीत १३० हून अधिक विद्यापीठे असून नियमित हंगाम साधारण १२ सामन्यांचा असतो. उच्च शिक्षणासाठी मिशिगन किंवा ओहायोला गेलेल्या मराठी मुलामुलींना शरद ऋतूतल्या पहिल्याच शनिवारी हा प्रकार काय आहे ते कळते, कारण एरवी शांत असलेल्या अ‍ॅन आर्बर गावातल्या स्टेडियममध्ये त्या दिवशी लाखाहून अधिक माणसे जमतात. कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरची सर्वांत मोठी रक्कम राज्यपालांच्या नव्हे, तर विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या नावावर असते.

मग ज्याला एवढा पगार, एवढी प्रतिष्ठा आणि एवढे विजय मिळाले, त्याच्याकडे फुटबॉलचे ज्ञान कमी असेल असे कोणी म्हणणार नाही. अडचण ज्ञानाची नाहीच. अडचण अशी आहे की कॉलेजच्या पातळीवर प्रशिक्षकाचे सर्वांत मोठे कौशल्य मैदानाबाहेर पणाला लागते, आणि नेमके तेच कौशल्य वापरायला व्यावसायिक पातळीवर जागा नसते.

ते कौशल्य म्हणजे खेळाडू जमवणे. अमेरिकेत याला रिक्रूटिंग म्हणतात. सतरा-अठरा वर्षांच्या, शाळेत चमकलेल्या मुलांच्या घरी प्रशिक्षक स्वतः जातात, आईवडिलांशी बोलतात, शिष्यवृत्ती देऊ करतात आणि आपल्या विद्यापीठात यायला त्यांना राजी करतात. किती चांगली मुले एका विद्यापीठाने घ्यावीत यावर बंधन नाही. शिष्यवृत्तींची कमाल संख्या दीर्घकाळ ८५ होती, पण त्या सगळ्याच्या सगळ्या जागांवर देशातले उत्तमोत्तम खेळाडू बसवायला कोणाची हरकत नव्हती. शिवाय यशाने यश वाढते. जो संघ जिंकतो त्याच्याकडे चांगली मुले येतात, ती आली की तो पुन्हा जिंकतो आणि पुढच्या वर्षी त्याहून चांगली मुले येतात. दहावीला पंच्याण्णव टक्क्यांच्या वर गुण मिळवलेल्या मुलांनाच प्रवेश देणाऱ्या लातूरच्या एखाद्या क्लासचा बारावीचा निकाल उत्तम लागला, तर त्यातले श्रेय शिकवण्याचे किती आणि निवडीचे किती, हे ठरवणे अवघड असते. कॉलेजच्या बलाढ्य प्रशिक्षकाचा विक्रम वाचताना हीच अडचण येते. व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजचे खेळाडू फेरीफेरीने निवडून घेतात, आणि २०२१ च्या या एनएफएल निवडीत पहिल्या फेरीत जे ३२ खेळाडू घेतले गेले, त्यांतले सहा एकट्या अलाबामा विद्यापीठाचे होते. असा संघ हंगामातल्या बहुतेक शनिवारी प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरळसरळ वरचढ असतो. हंगामाच्या सुरुवातीला तर मोठी विद्यापीठे लहान विद्यापीठांच्या संघांना रीतसर पैसे मोजून आपल्या मैदानावर खेळायला बोलावतात, आणि पाहुणा संघ हरणार हे दोन्ही बाजूंनी जवळपास गृहीतच धरलेले असते.

एनएफएलची सारी व्यवस्था अशी मक्तेदारी कोणाची होऊ नये म्हणूनच उभारलेली आहे. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड ड्राफ्टमध्ये होते आणि तेथे आदल्या वर्षी सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला पहिली पसंती मिळते. खेळाडूने कोणत्या संघात जायचे हे तो ठरवत नाही, त्यामुळे त्याच्या घरी जाऊन आईशी गोड बोलण्याला काही अर्थ उरत नाही. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. आयपीएलच्या लिलावात असते तशीच ही मर्यादा सर्वांना सारखी असते, आणि २०२५ मध्ये ती सुमारे २७ कोटी ९० लाख डॉलर होती. संघात ५३ खेळाडू ठेवता येतात. आपला राखीव खेळाडू जितका चांगला, तितका दुसरा संघ त्याला जास्त पैसे देऊन घेऊन जाण्याची शक्यता मोठी. परिणामी सर्वोत्तम आणि सर्वांत दुबळ्या संघांतले अंतर कॉलेजच्या मानाने फारच थोडे असते. कॉलेजात वर्षाला दोन-तीन कठीण सामने असतात, तर येथे १७ पैकी जवळपास प्रत्येक सामना तसाच. जो प्रशिक्षक वर्षानुवर्षे ताकदीच्या फरकाच्या बळावर जिंकत आला, त्याला आयुष्यात पहिल्यांदा समान बळाच्या प्रतिस्पर्ध्याशी दर आठवड्याला झुंजावे लागते, आणि त्याची खरी परीक्षा तेथे सुरू होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मायर यांचे नसून निक सेबन यांचे आहे, आणि ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. सेबन यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाला २००३ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि २००५ मध्ये ते मायामी डॉल्फिन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. व्यावसायिक खेळ त्यांना नवा नव्हता. १९९१ ते १९९४ या काळात क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचेक यांच्या हाताखाली त्यांनी बचाव फळी सांभाळली होती. मायामीतल्या पहिल्या वर्षी संघाने ९ सामने जिंकले आणि ७ गमावले, शेवटचे सहा तर सलग जिंकले. आता गरज होती ती एका चांगल्या क्वार्टरबॅकची, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती घेऊन चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची.

२००६ च्या वसंतात असे दोन खेळाडू बाजारात होते आणि दोघेही जखमी होते. सॅन डिएगोच्या ड्रू ब्रीझ यांच्या फेकीच्या हाताचाच खांदा आदल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात निखळून फाटला होता. मिनेसोटाच्या डॉन्टे कलपेपर यांच्या गुडघ्याचे तीन स्नायुबंध तुटले होते. मायामीच्या डॉक्टरांना ब्रीझ यांच्या खांद्याची खात्री वाटेना, तेव्हा क्लबने मिनेसोटाला ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची एक निवड देऊन कलपेपर यांना घेतले. कलपेपर त्या हंगामात केवळ चार सामने खेळू शकले. ब्रीझ न्यू ऑर्लिन्सला गेले, त्याच वर्षी साऱ्या लीगमध्ये फेकीचे सर्वाधिक यार्ड त्यांच्या नावावर लागले, आणि २००९ च्या हंगामात त्यांनी त्या शहराला पहिली सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा विजेता ठरवणारा अंतिम सामना, जिंकून दिली. मायामीचा २००६ चा हंगाम ६ विजय आणि १० पराभवांवर संपला. डिसेंबरमध्ये ‘मी अलाबामाचा प्रशिक्षक होणार नाही’ असे जाहीरपणे सांगितलेल्या सेबन यांनी जानेवारी २००७ मध्ये अलाबामाचेच पद स्वीकारले आणि पुढच्या १७ हंगामांत त्या विद्यापीठाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली.

या कथेतून लोक सहसा नशिबाचा धडा काढतात, आणि डॉक्टरांचा होकार आला असता तर सेबन एनएफएलमध्येही महान ठरले असते असे म्हणतात. तसे झाले असते, नाही असे नाही. पण मला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. कॉलेजात एका क्वार्टरबॅकचा अंदाज चुकला तर मागे आणखी तीन नामांकित मुले उभी असतात आणि पुढच्या वर्षी चौथा येतो. एनएफएलमध्ये चांगला क्वार्टरबॅक दहा-बारा वर्षांतून एखाद्या वेळी हाती लागतो, त्यामुळे एक चुकीचा निर्णय कित्येक हंगामांचे नुकसान करून जातो. सेबन यांचे फुटबॉलचे आकलन मायामीत आणि अलाबामात सारखेच होते. फरक होता तो चूक पचवण्याच्या क्षमतेचा, आणि ती क्षमता प्रशिक्षकाची नसून व्यवस्थेची असते.

दुसरा फरक अधिकाराचा आहे. विद्यापीठात मुख्य प्रशिक्षकाचा शब्द अखेरचा असतो. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, कोणाची शिष्यवृत्ती राहणार, हे तोच ठरवतो, आणि २०२१ पर्यंत तर दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्या फुटबॉलपटूला साधारणपणे एक हंगाम बाहेर बसावे लागत असल्याने नाराज मुलाला पर्यायही फारसा नव्हता. व्यावसायिक संघात समोर बसलेला खेळाडू तिशीचा असतो, त्याला मुलेबाळे असतात, त्याचा करार असतो, एजंट असतो, संघटना असते, आणि त्याने दोन-तीन मुख्य प्रशिक्षक येताना आणि जाताना पाहिलेले असतात. २०११ पासून संघटनेशी झालेल्या करारानुसार नियमित हंगामात संरक्षक साहित्य चढवून पूर्ण जोराने घ्यायच्या सरावांची संख्या १४ वर आणली गेली आहे, म्हणजे ‘जमत नाही तर मैदानावर राबवून घेऊ’ हा जुना उपायही बंद झाला. अशा खेळाडूला घोषणा, शिस्तीचे फलक आणि जोशपूर्ण भाषणे यांनी पेटवता येत नाही. या आठवड्यात समोरच्या संघाविरुद्ध मला नेमके काय करायचे आहे आणि त्याने माझा करार कसा वाढेल, हे जो सांगू शकतो त्याचे तो ऐकतो.

मायर यांच्या अपयशाचे कारण मुख्यतः येथे आहे. त्यांना मिळालेला संघ वाईट होता हे खरेच, कारण आदल्या हंगामात जॅग्वार्सनी १६ पैकी एकच सामना जिंकला होता. पण त्याच दुरवस्थेमुळे ड्राफ्टची पहिली निवड त्यांना मिळाली आणि ट्रेव्हर लॉरेन्ससारखा क्वार्टरबॅक हाती आला. नियुक्तीनंतर काही आठवड्यांतच त्यांनी तंदुरुस्तीच्या कामासाठी असा माणूस नेमला ज्याच्यावर आधीच्या विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी गैरवर्तनाचे आरोप केले होते, आणि टीका होताच त्याला दुसऱ्याच दिवशी जावे लागले. फ्लोरिडातला आपला जुना आवडता क्वार्टरबॅक टिम टीबो यांना, ते २०१२ नंतर एनएफएलचा एकही अधिकृत सामना खेळलेले नसताना, वेगळ्याच जागेसाठी सराव शिबिरात घेतले. सिनसिनाटीत संघ हरल्यानंतर संघाबरोबर विमानाने परत न येता ते ओहायोतच थांबले, आणि तेथल्या एका बारमधली त्यांची चित्रफीत सर्वत्र फिरली. त्यांना नंतर माफी मागावी लागली. कॉलेजात असा प्रशिक्षक दोन विजयांनंतर सावरला असता. हरणाऱ्या व्यावसायिक संघात खेळाडूंचा विश्वास एकदा गेला की तो परत येत नाही. पुढच्याच वर्षी नवे मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन यांनी त्याच लॉरेन्सना घेऊन ९ सामने जिंकले, गटात पहिले स्थान मिळवले आणि बाद फेरीत २७ गुणांची पिछाडी भरून काढून एक सामनाही जिंकला.

आपल्या जुन्या मुलांना बरोबर नेण्याची ही ओढ इतरांतही दिसते. फ्लोरिडाला १९९६ मध्ये विजेते करणारे स्टीव्ह स्परिअर २००२ मध्ये पाच वर्षांच्या अडीच कोटी डॉलरच्या करारावर वॉशिंग्टनच्या एनएफएल संघात गेले, तेव्हा डॅनी वर्फेल आणि शेन मॅथ्यूज हे फ्लोरिडाचेच माजी क्वार्टरबॅक त्यांनी आणले. दोन हंगामांत १२ विजय आणि २० पराभव झाले आणि त्यांनी राजीनामा दिला. बॉबी पेट्रिनो यांनी तर अटलांटाच्या एनएफएल संघात एक हंगामही पुरा केला नाही. २००७ मध्ये १३ सामन्यांनंतर ते अर्कान्सा विद्यापीठात निघून गेले आणि खेळाडूंच्या लॉकरमध्ये लॅमिनेट केलेली चार वाक्यांची चिठ्ठी ठेवून गेले. ज्या संघाचा प्रमुख क्वार्टरबॅक त्याच वर्षी तुरुंगात गेला होता त्या संघात काम करणे सोपे नव्हते हे मान्य केले, तरी त्या चिठ्ठीचे समर्थन करता येत नाही.

तिसरा फरक मैदानावरचा, आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. फुटबॉलचे मैदान १६० फूट रुंद असते. प्रत्येक चाल संपली की पुढची चाल जेथून सुरू होते ती जागा हॅश मार्क नावाच्या दोन खुणांच्या रांगांनी ठरते. कॉलेजात या दोन रांगांमध्ये ४० फुटांचे अंतर असते, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फुटांचे. म्हणजे कॉलेजात चेंडू एका बाजूच्या खुणेवर असला तर एका अंगाला ६० फूट आणि दुसऱ्या अंगाला तब्बल १०० फूट जागा राहते. एनएफएलमध्ये तीच विभागणी साधारण ७१ आणि ८९ फुटांची होते. कॉलेजचे कल्पक प्रशिक्षक त्या शंभर फुटांच्या मोकळ्या अंगाचा फायदा घेऊन आपले वेगवान खेळाडू तिकडे पसरवतात आणि बचाव फळीची दमछाक करतात. व्यावसायिक मैदानावर ती मोकळी जागाच आक्रसते, आणि जी उरते ती भरून काढायला बचाव फळीतले गडीही तितकेच वेगवान असतात. आणखी एक नियम आहे. फेकीच्या चालीत आक्रमणाच्या अग्रभागातल्या धिप्पाड खेळाडूंनी किती पुढे सरकावे याची मर्यादा कॉलेजात तीन यार्ड, तर एनएफएलमध्ये एक यार्ड. धावायचे की फेकायचे हा निर्णय चाल सुरू झाल्यावर घेण्याची जी पद्धत कॉलेजात फार फोफावली, तिला हे दोन यार्ड मोठा आधार देतात, कारण अग्रभाग धावण्याच्या तयारीने पुढे गेलेला असतानाही क्वार्टरबॅकला फेक करता येते.

चिप केली यांची कारकीर्द या फरकांच्या कसोटीवर पाहावी. ओरेगन विद्यापीठात २००९ ते २०१२ या चार वर्षांत त्यांनी ४६ सामने जिंकले आणि फक्त ७ गमावले. दोन चालींमध्ये वेळ जाऊच द्यायचा नाही, प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला किंवा खेळाडू बदलायला उसंत मिळू नये, ही त्यांची पद्धत. २०१३ मध्ये ते फिलाडेल्फिया ईगल्समध्ये आले, तेव्हा आदल्या वर्षी ४ सामने जिंकलेल्या संघाने १० जिंकले आणि गटात पहिला क्रमांक मिळवला. लशॉन मकॉय त्या वर्षी धावण्यात साऱ्या लीगमध्ये पहिले आले. दुसऱ्या वर्षीही १० विजय मिळाले. येथपर्यंत पाहिले तर केली यशस्वी होते, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी विसरता कामा नये. पण या वेगाला एक उलट बाजू होती. आक्रमण झटपट फसले की ते झटपट बाहेर येते आणि आपल्याच बचाव फळीला पुन्हा मैदानात उतरावे लागते. कॉलेजच्या यादीत शंभरावर खेळाडू असतात, त्यामुळे दमलेल्यांना बदलता येते. त्या काळी एनएफएलमध्ये सामन्याच्या दिवशी ४६ जणच गणवेशात असत. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांनी दोन हिवाळे बसून केली यांच्या चालींच्या चित्रफिती तपासल्या आणि त्यांतले नमुने ओळखले.

तरीही केली यांची मोठी चूक मैदानाबाहेरची होती. २०१५ च्या सुरुवातीला खेळाडू निवडण्याचा सर्वाधिकार त्यांना मिळाला, आणि कॉलेजात ज्या हुकमीपणाने संघ घडवला त्याच हुकमीपणाने त्यांनी तो येथे वापरला. मकॉय यांना बफलोला दिले, क्वार्टरबॅकही बदलला. आपल्या पद्धतीत बसेल तो खेळाडू, हा निकष प्रतिभेच्या वर ठेवला. कॉलेजात तसे चालते, कारण पद्धतीत बसणारे प्रतिभावान खेळाडू भरपूर मिळतात. येथे त्या वर्षी एक सामना शिल्लक असताना ६ विजय आणि ९ पराभव अशा स्थितीत त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांनी बाजूला सारलेले हॉवी रोझमन पुन्हा खेळाडू निवडीच्या कामावर आले आणि २०१७ च्या हंगामात ईगल्सनी सुपर बोल जिंकली.

आता यशस्वी झालेल्यांकडे वळू. कॉलेजचे राष्ट्रीय विजेतेपद आणि सुपर बोल असे दोन्ही मुख्य प्रशिक्षक म्हणून जिंकणारे तीनच जण आहेत: जिमी जॉन्सन, बॅरी स्वित्झर आणि पीट कॅरल. यांतल्या स्वित्झर यांना जॉन्सन यांनी घडवलेला डॅलस काउबॉइजचा संघ आयता मिळाला होता, त्यामुळे अभ्यास करायचा तो उरलेल्या दोघांचा.

जॉन्सन यांना डॅलसला येण्यापूर्वी एनएफएलचा काडीचाही अनुभव नव्हता. १९८९ च्या पहिल्या हंगामात ते १६ पैकी १५ सामने हरले. पण त्याच हंगामाच्या मध्यावर, ऑक्टोबरमध्ये, त्यांनी संघाचा सर्वांत मोठा तारा हर्शेल वॉकर यांना मिनेसोटाला देऊन बदल्यात पाच खेळाडू आणि ड्राफ्टच्या निवडींचा ढीग घेतला. त्या खेळाडूंना ठराविक मुदतीत संघातून कमी केले तर प्रत्येकामागे एकेक निवड डॅलसला मिळेल, असे कलम करारात होते. खरा माल त्या कलमात होता. पुढच्या वर्षांत थेट किंवा अदलाबदल करून त्या निवडींतून एमिट स्मिथ, रसेल मेरीलँड आणि डॅरन वुडसन संघात आले आणि १९९२ व १९९३ च्या हंगामांत डॅलसने सलग दोन सुपर बोल जिंकल्या. जॉन्सन आपले कॉलेजचे बळ विसरले नव्हते. मायामी विद्यापीठात असताना ज्या मुलांना त्यांनी जमवले होते किंवा समोर खेळताना पाहिले होते, त्यांची पारख एनएफएलच्या इतर कुणाहून त्यांना अधिक होती, आणि रिक्रूटिंगची ती नजर त्यांनी ड्राफ्टकडे वळवली. मात्र वेतनमर्यादा १९९४ मध्ये आली. जॉन्सन यांनी आपला संघ तिच्या आधी बांधला, हे त्यांच्या यशाचे मोजमाप करताना ध्यानात ठेवायला हवे.

कॅरल यांची गोष्ट उलट्या दिशेची. न्यूयॉर्क जेट्स आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स या दोन्ही संघांतून त्यांना आधीच काढले गेले होते. मग सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी साम्राज्य उभे केले आणि २०१० मध्ये सिअ‍ॅटलला परतले, तेव्हा व्यावसायिक खेळातल्या चुका त्यांनी स्वतः भोगलेल्या होत्या. त्यांच्या जोडीला खेळाडू निवडीचे काम पाहणारे जनरल मॅनेजर म्हणून जॉन श्नायडर होते. रिचर्ड शर्मन यांना कॅरल शाळेपासून ओळखत होते. स्टॅनफर्डच्या या उंच बचावपटूला सिअ‍ॅटलने २०११ मध्ये पाचव्या फेरीत घेतले. कॅम चॅन्सलर आदल्या वर्षी पाचव्याच फेरीत आले होते, आणि क्वार्टरबॅक रसेल विल्सन २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत. उशिराच्या फेरीतल्या खेळाडूंचे पहिले करार स्वस्त असतात, त्यामुळे वेतनमर्यादेतला उरलेला पैसा इतरत्र लावता आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये या संघाने डेन्व्हरला ४३-८ असे हरवून सुपर बोल जिंकली.

जिम हार्बॉ यांचे नाव या दोघांच्या पंक्तीत बसते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकायला त्यांच्याकडूनच मिळते. ते स्वतः एनएफएलमध्ये दीर्घकाळ क्वार्टरबॅक होते. स्टॅनफर्डचा जो संघ २००६ मध्ये १२ पैकी ११ सामने हरला होता तो त्यांनी हाती घेतला, आणि चार वर्षांत त्याला १२ विजय आणि एका पराभवापर्यंत नेले. ज्या विद्यापीठात प्रवेशाच्या कडक निकषांमुळे हव्या त्या मुलाला घेताच येत नाही, तेथे हे घडले. २०११ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले, तेव्हा मालक आणि खेळाडू यांच्या वादामुळे टाळेबंदी होती आणि उन्हाळ्यातला सराव झालेला नव्हता. आधीच्या वर्षी ६ सामने जिंकलेल्या संघाने, ज्याला सगळ्यांनी मोडीत काढले होते त्याच अ‍ॅलेक्स स्मिथ या क्वार्टरबॅकला घेऊन, १३ जिंकले. पुढच्या वर्षी संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला. मिशिगनला २०२३ च्या हंगामाचे विजेतेपद मिळवून दिल्यावर ते पुन्हा व्यावसायिक खेळात आले आणि ५ विजयांवर अडकलेल्या लॉस एंजेलिस चार्जर्सनी २०२४ मध्ये ११ सामने जिंकले.

यावरून प्रशिक्षक निवडताना काय पाहावे याविषयी माझे मत तयार झाले आहे. कॉलेजच्या करंडकांची संख्या पाहण्यापेक्षा, साधनांची टंचाई असताना त्या प्रशिक्षकाने काय केले ते पाहावे. स्टॅनफर्डला दोन वर्षे घालवून सॅन फ्रान्सिस्कोला तीन सुपर बोल मिळवून देणारे बिल वॉल्श, बॉस्टन कॉलेजहून एनएफएलमध्ये येऊन पुढे न्यूयॉर्क जायंट्सला दोनदा विजेते करणारे टॉम कॉफ्लिन आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून आलेले डिक व्हर्मील, हे तिघेही विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक होण्यापूर्वी किंवा नंतर एनएफएलमध्ये सहायक म्हणून राबले होते, आणि तिघांपैकी कुणाच्याही नावावर कॉलेजचे राष्ट्रीय विजेतेपद नव्हते.

हा नियम मात्र सर्वत्र लागू पडत नाही. मॅट रूल यांनी बेलर विद्यापीठाला दोनच वर्षांत एका विजयावरून ११ विजयांवर नेले होते, म्हणजे टंचाईतून उभे राहण्याची कसोटी ते उत्तम उतरले होते. तरी कॅरोलिना पँथर्समध्ये २०२० ते २०२२ या काळात त्यांचे ११ विजय आणि २७ पराभव झाले. त्यांच्याकडे सॅम डार्नल्ड आणि बेकर मेफिल्ड हे दोन्ही क्वार्टरबॅक खेळले आणि दोघेही अपयशी ठरले. पुढे मेफिल्ड यांनी टॅम्पा बेला बाद फेरीत नेले आणि डार्नल्ड २०२४ मध्ये मिनेसोटाच्या १४ विजयांचे सूत्रधार झाले. खेळाडू ओळखणे हा एक गुण आहे आणि त्याच्याकडून काम करून घेणे हा दुसरा. हे दोन्ही जुळून यायला कधी कधी वेळच मिळत नाही.

आणि वेळ कुणालाच मिळत नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. एनएफएलमध्ये बहुतेक वर्षी ३२ पैकी पाच-सात मुख्य प्रशिक्षक बदलले जातात, आणि त्यांत कॉलेजात कधीच मुख्य प्रशिक्षक नसलेल्यांची संख्या मोठी असते. नोकरी रिकामी असते ती बहुधा दुबळ्या संघात. कॉलेजहून आलेला माणूस पडला की त्याच्या मागच्या विजयांमुळे त्याची बातमी मोठी होते, पण सहायक पदावरून वर आलेले असेच शांतपणे पडत असतात आणि त्यांची नावे दोन वर्षांत विसरली जातात. म्हणून ‘कॉलेजचे प्रशिक्षक वर टिकत नाहीत’ हे सरसकट विधान मला मान्य नाही.

शिवाय ज्या फरकांवर हा सारा विचार उभा आहे तेच आता झपाट्याने मिटत चालले आहेत. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा आहे, विद्यापीठ बदलणे सोपे झाले आहे, आणि न्यायालयात झालेल्या तडजोडीनुसार जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली, आणि फुटबॉलच्या यादीवर १०५ खेळाडूंची मर्यादा आली. हे सगळे एनएफएलसारखेच झाले म्हणून व्यावसायिक माणूस खाली येऊन सहज यशस्वी होईल असेही दिसत नाही. सहा सुपर बोल जिंकलेले बिल बेलिचेक यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची सूत्रे घेतली, एनएफएलमधल्याच ओळखीच्या माणसाला जनरल मॅनेजर म्हणून आणले, आणि २०२५ चा पहिला हंगाम ४ विजय आणि ८ पराभवांवर संपला. मोठ्या विद्यापीठांत आता फुटबॉलसाठी स्वतंत्र जनरल मॅनेजर नेमले जात आहेत, आणि कोणत्या खेळाडूवर किती रक्कम लावायची, कोणाला जाऊ द्यायचे याचा हिशेब मुख्य प्रशिक्षकाला त्यांच्याबरोबर बसून दर हिवाळ्यात करावा लागतो. सेबन, स्परिअर आणि केली यांना जे काम एनएफएलमध्ये पोहोचल्यावर पहिल्यांदा करावे लागले, ते पुढच्या पिढीचे प्रशिक्षक विद्यापीठातच शिकून येतील.